तळ्याकडचा दरवाजा

चौदाव्या शतकातल्या निकियाहून आलेल्या पत्राला मी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र साधं होतं, अक्षर नेटकं.

"सा. न. वि. वि. ऑटोमन तुर्कांनी आमच्या शहराला वेढा घातला आहे, हे आपण जाणताच. आपल्या लेखात आपण आमच्या तटाला तीन दरवाजे असल्याचं लिहिलं. लेख छापून आला त्या सकाळी चौथा, तळ्याकडचा दरवाजा भिंत झाला. तुर्कांना तळं अडवता आलेलं नाही. धान्याच्या होड्या रोज त्या भिंतीपर्यंत येतात आणि थांबतात. कृपया दुरुस्ती करावी. एव्डोकिया, दरवाज्याची राखणदार."

मी मिरजेतल्या एका शाळेत ग्रंथपाल होतो. जन्मात तो एकच लेख लिहिला, बायझंटाइन तटबंदीवर. पत्र घेऊन मी संपादक गर्द्यांकडे गेलो. ते हसले. "अहो, वाचक काय दरवाजे मोजत बसतो?" माझी अडचण वेगळी होती. एका पुस्तकात तीन दरवाजे होते, दुसऱ्यात चार. तिसरं पुस्तक मिळालं की उत्तर लिहू, असं ठरवलं. ते मिळालं नाही.

गेल्या रविवारी कपाट आवरताना पत्र पुन्हा हाती आलं. वाचलं आणि होतं त्याच पुस्तकात परत ठेवलं. सोमवारी माझ्या खोलीची पश्चिमेकडची खिडकी भिंत झाली. दगडाचे थर आणि मध्ये पातळ तांबड्या विटांचे पट्टे. फार सुंदर बांधकाम. मंगळवारी दुसरी खिडकी गेली, बुधवारी दार. भिंती रोज एकेक वीट आत येत होत्या. गुरुवारी पलीकडून धाकट्या बहिणीचा आवाज आला.

"दादा, चहा कुठून देऊ?"

"राहू दे, अंबू."

"आता भिंती घालून बसलास? माणसं टाळायला पुस्तकं पुरत नव्हती वाटतं!"

शुक्रवारी खोलीत एव्डोकिया होती. सुकलेली, ताठ, कमरेला हातभर लांब किल्ली. तिच्यामागे शहरातली माणसं रिकामी भांडी घेऊन रांगेत उभी होती. खोलीत चौघंसुद्धा मावली नसती, तरी रांग शेवटपर्यंत दिसत होती. कोणी कोणाला ढकलत नव्हतं. पहिल्या नंबरच्या म्हातारीनं आपली जागा एका गरोदर बाईला दिली आणि ती रांगेच्या शेवटी जायला निघाली. पोचायला तिला बराच वेळ लागला.

"लेखक तुम्हीच?" एव्डोकियानं विचारलं.

"एकच लेख लिहिलाय."

"तेवढा पुरला."

रांगेत हशा झाला. माझी एकोणीस वर्षं त्यांच्याकडे एकोणीस दिवस झाली होती. इतके दिवस उपाशी असलेली माणसं अशी हसू शकतात, हे मला कोणत्याच पुस्तकात सापडलं नव्हतं.

एव्डोकियानं किल्ली भिंतीला लावली. पूर्वी कुलूप होतं त्या जागी ती रोज किल्ली फिरवत आली होती. दगडात बोटभर भोक पडलं होतं. त्यातून वल्ह्यांचा आवाज येत होता.

"तिसरं पुस्तक मिळालं असतं तर…" मी म्हणालो.

"माझा आजा त्या दरवाज्यावर होता. बापही. मी तिथंच जन्मले. अजून पुस्तक हवंय?"

मी खाली पाहिलं. टेबलावर एक पोस्टकार्ड होतं. त्यावर लिहिलं, 'दरवाजे बहुधा चार आहेत.'

तिनं वाचलं. "बहुधा उघडलेल्या दरवाज्यातून होडी कशी आत घेऊ?"

भिंत आता माझ्या पाठीला टेकली होती. मी 'बहुधा' खोडलं. जन्मभर तो शब्द माझ्या फार उपयोगी पडला होता. मग पुढे लिहिलं, 'चौथा तळ्याकडे. चूक माझी. उशीरही माझाच.' खाली पूर्ण नाव घातलं.

"पत्ता काय घालू?"

"नको. होडीवाले समोरच आहेत."

कार्डाची सुरळी करून मी भोकात सारली. रांगेतल्या भांड्यांचा आवाज थांबला. सुरळी अर्ध्यावर अडकली. मग पलीकडून कोणीतरी ती ओढून घेतली, आणि माझी बोटं ओली झाली.