सेवा पूर्ववत

"दोन सीट काढल्यात. घोडबंदरहून चारची गाडी हाय," नानासाहेबांनी मुलाच्या, समाधानच्या कॉम्प्युटरपाशी बॅग आणून ठेवली. "गावच्या विहाराच्या पायरीवर तुझ्या आईचं नाव कोरलंय. उद्या पडदा तूच सारायचा, गावानं ठरवलंय."

"नाना, सुट्टी नाही मिळाली."

"घरातच तर बसून असतोस. त्याला आन् कशाची सुट्टी?"

समाधान घरी बसून नागपूरच्या एका कंपनीचे सर्व्हर सांभाळत असे. तिथला एक प्रोग्राम सारखा झोपे. त्याला भाईंदरहून उठवायचं आणि "सेवा पूर्ववत केली आहे" असा मेल धाडायचा, एवढंच काम. पहिल्याच वर्षी त्यानं आपोआप चालणारी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रोग्राम झोपला की तीच त्याला उठवी आणि समाधानच्या नावानं नम्र मेलही तीच करी. समाधानकडे फक्त हजर राहणं उरलं.

सुट्टी मागितली तेव्हा साहेब, म्हणजे नीरज सर, कौतुकानंच म्हणाले होते, "अरे, टायफॉइडमध्येपण तू दोन मिनटात सर्व्हिस उठवलीस. क्लायंट बोलतो, बंदा बदलू नका. तुझ्या जागी कोणाला बसवू?"

स्क्रिप्टचं सांगावं, तर मग तू कशाला हवास? न सांगावं, तर सुट्टी नाही. कोठडी चोख होती, बांधकाम स्वतःचंच.

म्हणून आज नाश्ता होताच त्यानं स्क्रिप्ट बंद केली. प्रोग्राम पडेल, नागपूर बोंबलेल, मग एका माणसाचं हे काम नाही असं सरांना ऐकवायचं, जोडीला माणूस मागायचा आणि चारची गाडी पकडायची.

अकराच्या सुमारास प्रोग्राम पडला. फोन वाजला नाही. जेवणं झाली, तरी वाजला नाही.

"अहो, फोन चालू आहे ना?" निशानं विचारलं. "मी एक मिस्ड कॉल देऊन बघू?"

दिला. वाजला.

तीन वाजता नानासाहेबांनी चपला घातल्या, बॅग उचलली. "निघतो. सांभाळ तुझं मशिन."

दार लागल्यावर समाधानने प्रोग्राम हातानं उठवला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतः मेल लिहिला: "सेवा चार तास बंद होती. क्षमस्व. आपली फार गैरसोय झाली का?"

बटणावरून बोट उचलायच्या आत उत्तर आलं: "धन्यवाद, समाधानजी. आपली तत्परता वाखाणण्याजोगी आहे."

त्यानं लिहिलं, "तिकडे कोणी आहे का?"

"धन्यवाद, समाधानजी. आपली तत्परता वाखाणण्याजोगी आहे."

निशा मागे उभी राहून वाचत होती. "म्हणजे हे कोणी वापरतच नाही? मग सांगा ना सरांना."

"आणि पगार कशाचा घेऊ?"

त्यानं स्क्रिप्ट पुन्हा चालू केली. मग फोन वाजला. नानासाहेब होते.

"गाडी लागली रे. कंडक्टर विचारतोय, दुसरं माणूस येतंय का."

तेवढ्यात प्रोग्राम पुन्हा झोपला, स्क्रिप्टनं उठवला. स्क्रीनवर "सेवा पूर्ववत केली आहे" गेलं, "धन्यवाद" आलं.

"बरं," नानासाहेब म्हणाले, "बॅग ठेवतो तुझ्या सीटवर."