बरी झालेली जखम

"लोहारतात्यांचं नाव यादीतून काढा," दवाखान्याचा साहेब म्हणाला, आणि नर्सबाईंनी पट्ट्यांची पिशवी टेबलावर आपटली.

"का? मेले का तात्या?"

"चिडू नका हो ताई. आता पट्ट्या किती बांधल्या यावर सरकारकडून पैसे येत नाहीत, जखमा किती बऱ्या झाल्या यावर येतात. तीन महिन्यांत बरी झाली तर आपला दवाखाना, मोठं हॉस्पिटल, तुम्ही, सगळ्यांना वाटा. नाहीतर सगळ्यांनाच कात्री. तात्यांचा पाय काय तीन महिन्यांत भरत नाही."

"सहा महिन्यांत भरतो! कडेनं लाल मांस धरलंय, बघतेय ना मी."

"सहा महिने आपल्याला परवडत नाहीत."

माणूस बरा करा आणि पैसे घ्या, ही गोष्ट आधी नर्सबाईंनाच आवडली होती. पण साहेबानं बरे होणारेच वेचायला सुरुवात केली. खरचटलेली ढोपरं यादीत, साखरेच्या आजारानं सडलेला पाय बाहेर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! नर्सबाईंचा नुसता तिळपापड झाला.

नाव गेलं तशी तात्यांची औषधाची पट्टीही बंद झाली. नर्सबाई भर उन्हात ढेकळं तुडवत भट्टीवर जायच्या, जुनी चादर फाडून, उकळून बांधायच्या. तात्या एका पायावर भार देऊन नांगराचे फाळ ठोकत असायचे.

"पोरी, पेरणी तोंडावर आलीय. सगळं गाव दारात उभं आहे. पाय राहील ना गं?"

"राहील. मी आहे ना."

राहिला नाही. पाय काळा पडत गेला आणि मोठ्या हॉस्पिटलानं तो गुडघ्याखाली कापला.

दोन महिन्यांनी साहेब हसतच आला. "ताई, ऑपरेशनसाठी तात्यांना पुन्हा यादीत घेतलं होतं. टाके सुकले, म्हणजे जखम बरी! सुंठीवाचून खोकला गेला. करा या 'बरा झाला'च्या कागदावर सही."

नर्सबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. "माझी कशाला? ज्याची जखम त्याचीच सही घेऊ," म्हणाल्या, आणि साहेबाला दंडाला धरून भट्टीवर नेलं. तिथं रब्बीच्या पेरणीसाठी फाळ घेऊन दहा-पंधरा माणसं खोळंबली होती. त्यांच्यादेखत नर्सबाईंनी कागद मोठ्यानं वाचला.

जमिनीवर बसलेल्या तात्यांनी हातोडा खाली ठेवला. "बरा झालो म्हणता? झकास. मग साहेब, जरा उभं करा मला."

साहेबाला तात्या उचलेनात, आणि गाव काही वाट सोडेना.