उजवीकडे बघणारे दिवे

फहमिदाची अट एकच होती. आधी गाडी जाईल, मग ती आणि अरहान.

अनिस उन्हाळ्यातच नोकरीसाठी जर्मनीला गेला होता. तिकडे गाडीची गरज नाही, असं तो व्हिडिओ कॉलवर रोज नव्याने पटवायचा.

"इथे ॲम्ब्युलन्स येते."

"कधी येते?"

"लगेच."

"तू बोलावून बघितलीस?"

अनिसने बोलावून बघितली नव्हती.

अरहान दोन वर्षांचा होता आणि ताप चढला की त्याला आकडी यायची. गेल्या श्रावणात पहिल्यांदा आली तेव्हा घरमालक जयसिंगने फहमिदाचीच गाडी काढली आणि एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने खिडकीबाहेर टॉवेल हलवत नांद्याहून हिंजवडीच्या दवाखान्यापर्यंत नेली. मागच्या सीटवर फहमिदा पोराला कुशीवर धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, या वयात होतं असं, मोठा झाला की जातं. फहमिदा एम.एस्सी. होती. तिला डॉक्टरांचं म्हणणं समजलं होतं. पण त्या दिवसापासून गाडीचं तोंड फाटकाकडे असायचं, टाकी अर्ध्याच्या खाली जायची नाही, आणि झोपायच्या आधी ती गॅसचं बटण, दाराची कडी आणि गाडीची चारही चाकं बघून यायची.

तिकडे अनिसला पहिल्या वर्षी गाडी घेणं परवडणार नव्हतं. कंपनी मात्र सामानासाठी अख्खा कंटेनर देत होती, आणि त्यांच्या सामानात एक पाळणा, एक कपाट आणि फहमिदाच्या आईने दिलेली पातेली एवढंच होतं. गाडी आरामात मावत होती.

अडलं ते दिव्यांवर. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून डिपरचा, म्हणजे खाली पडणाऱ्या दिव्याचा, उजेड डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो. कडेने चालणारा माणूस दिसावा आणि उजवीकडून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, एवढ्यासाठी. तिकडे सगळं उलट. तपासणीत असे दिवे पास होत नाहीत आणि पास न झालेली गाडी रस्त्यावर येत नाही. स्टिअरिंग उजवीकडे असलं तरी त्या लोकांना चालत होतं. दिवे डावीकडे बघत असले तर चालत नव्हतं. फहमिदाला हे विचित्र वाटलं, पण असल्या देशात निदान कोणीतरी बघतं तरी, असंही वाटलं.

"त्यात काय," जयसिंग म्हणाला. "डावा काढून उजवीकडं लावायचा, उजवा डावीकडं."

"बसणार नाहीत भाऊ. आणि बसले तरी दोन्ही डावीकडेच बघतात. डावा पण आणि उजवा पण."

"दोन्ही?" जयसिंगने गाडीकडे जरा नाराजीने पाहिलं. "मग इतकी वर्षं उजवा करत काय होता?"

शोरूमवाल्यांनी बाहेरून मागवून देतो म्हणत जो आकडा सांगितला, त्यात जयसिंगने मागच्या वर्षी गोठा बांधला होता. मग फहमिदाने डोकं चालवलं. हीच गाडी आपल्या इथे बनून उजवीकडून चालणाऱ्या देशांतही जाते. म्हणजे त्या गाड्यांचे दिवेही इथेच कुठेतरी बनत असणार. पौडच्या बाजारात तिच्या अन्वरमामाचं स्पेअर पार्टचं दुकान होतं. मामाने चाकणच्या बाजूला फोन फिरवले आणि आठवड्याने एक खोकं घेऊन आला. रद्द झालेल्या ऑर्डरीतली शेवटची जोडी होती. भाव गोठ्याचा नव्हता, फार तर गोठ्याच्या दाराचा.

"मेक्सिकोला जाणार होते, गेले नाहीत," मामा म्हणाला. "तिथेपण उजव्या बाजूनेच चालवतात. मी खात्री केलीय."

"कोणाकडून?"

"विकणाऱ्याकडून."

फहमिदाने दोन्ही जोड्या शेजारी ठेवून बघितल्या. जुन्या दिव्याच्या काचेवर, खालच्या कोपऱ्यात, बोटाला लागेल असा एक बारीक उठावदार बाण होता, डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीची खूण. नव्यावर बाण नव्हता. मामाने नवी जोडी बसवून दिली आणि दिवस मावळल्यावर तिने गाडी जयसिंगच्या भिंतीसमोर लावली. उजेड उजवीकडे चढत गेला. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. कित्येक महिन्यांत तिला कशाचीच इतकी खात्री वाटली नव्हती.

"आता काढून ठेवू, शेवटच्या दिवशी पुन्हा बसवू," मामा म्हणाला.

"शेवटच्या दिवशी तुमची पाठ धरली तर? आत्ताच असू देत."

असू दिले. जुने दिवे अरहानच्या गोधडीत गुंडाळून डिकीत गेले. आणि नांदे-चांदे रस्त्यावर लोक फहमिदाच्या नावाने बोटं मोडू लागले. तिकडच्या रस्त्यावर जो उजेड कडेच्या माणसावर पडला असता, तो इथे समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जात होता. मोटारसायकलवाले थांबून डोळ्यांवर हात धरायचे. दूधवाला रस्त्यातच उतरून उभा राहायचा. फहमिदाने अंधार पडल्यावर गाडी काढणं बंद केलं. फक्त एकदा, अरहानचं अंग गरम लागलं म्हणून डॉक्टरांना दाखवून येताना तिला उशीर झाला, आणि त्याच संध्याकाळी समोरून चांद्याचे अण्णासाहेब आले.

अण्णासाहेब माजी सरपंच. त्यांची गाडी याच मॉडेलची, याच पांढऱ्या रंगाची. त्यांचे डोळे दिपले आणि गाडी सिमेंटच्या खांबावर गेली. खांब त्यांच्याच कुंपणाचा होता. तो त्यांनी रस्त्याकडे जरा पुढे सरकवून रोवला होता हे साऱ्या गावाला माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. फहमिदा थांबून धावत गेली.

"जा पोरी, जा," अण्णासाहेब फुटलेल्या दिव्याकडे बघत म्हणाले. "लेकरू हाय गाडीत. आपण मागनं बघू."

"मी दुरुस्त करून देते, अण्णा."

"बघू म्हणलं ना."

नंतर ती शेवटचं माहेरपण म्हणून दोन दिवस पौडला आईकडे गेली, एस.टी.ने. अंगणातून ट्रॅक्टर काढायला लागतो म्हणून गाडीची किल्ली जयसिंगकडे ठेवली. परतली त्याच्या दुसऱ्या सकाळी कंटेनरचा ट्रक यायचा होता. अन्वरमामा गाडीला निरोप द्यायला आणि नट आवळून बघायला पान्यांची पिशवी घेऊन आला होता. फहमिदाने सवयीने काचेच्या खालच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं.

बोटाला बाण लागला.

तिने दुसऱ्या दिव्यावर बोट फिरवलं. तिथेही होता.

"जयसिंगभाऊ," ती म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की जयसिंग दात घासता घासता थांबला.

"सांगायचंच राहिलं ताई. मिटवलं समदं." त्याने चूळ भरली. "अण्णा येऊन बसले हुते. तुमी हितं न्हाई. मी म्हणलं, गावातनं जाताना कुणाचं वाकडं ठिवून जायला नको. नवी जोडी त्यांना दिली, चांद्याच्या गॅरेजात बसवून. तुमचे जुने होतेच डिकीत, ते तुमाला लावले. गोधडी धुवून वाळत घातलीय."

"नवी का दिली? जुनी द्यायची होती."

"भरपाईत जुनं देत्यात व्हय?" जयसिंगला खरंच वाईट वाटलं. "माणूस काय म्हणंल? अन् मामाचं दुकान हाय की. लावतील दुसरे."

"दुसरे?" मामाने पिशवी खाली ठेवली. "ती शेवटची जोडी होती. मेक्सिकोवाल्यांनी नको म्हटलं म्हणून मिळाली. आता आणखी कोणीतरी नको म्हणेपर्यंत थांबायचं का?"

या दिव्यांनिशी गाडी गेली तर ती तिकडे एका शेडमध्ये उभी राहील. अरहानला रात्री ताप चढेल, आणि अनिस ॲम्ब्युलन्स बोलावून बघेल. फहमिदाने पोराला कडेवर घेतलं, कपाळाला हात लावला, गाडीत बसली आणि इंजिन चालू केलं. मामा आणि जयसिंग पोराला मांडीवर घेऊन मागे बसले. कोणी त्यांना बसा म्हटलं नव्हतं.

अण्णासाहेब ओसरीवर चहा घेत होते. गाडी गोठ्याशेजारच्या अंधाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. फहमिदाने सगळं सांगितलं. आकडीचंही सांगितलं.

अण्णासाहेबांनी बशी खाली ठेवली. "पोरी, तुजं दुखणं मला कळतंय. पण चार माणसांत मिटलेली गोष्ट हाय. आता मी परत दिली, तर जयसिंगच्या शब्दाला काय किंमत राहिली?"

"मला काय बी वाटणार न्हाई," जयसिंग म्हणाला.

"तुला न्हाई रं. मला वाटंल."

"त्या दिव्यांनी समोरच्याला दिसत नाही, अण्णा. तुमचंच झालं होतं."

"ते तुज्या गाडीवर हुते तवा. माज्या गाडीवर तसलं काय न्हाई."

"लोक डिपर मारत नाहीत तुम्हाला?"

"मारत्यात. रामराम घालत्यात. माजी सरपंच हाय मी."

फहमिदाने अरहानला जयसिंगकडे दिलं. अण्णासाहेबांची किल्ली ओसरीवरच्या खिळ्याला होती. ती घेऊ का, असं तिने विचारलं, आणि नाही म्हणायला त्यांना काही सुचायच्या आत घेतली. "तुम्ही इथे उभे राहा, अण्णा. समोरून येणारा माणूस उभा असतो तिथे." शेडच्या तोंडाशी, गाडीच्या उजव्या अंगाला, जरा लांब तिने त्यांना उभं केलं आणि आत बसून डिपर लावला.

अंधाऱ्या शेडमधून उजेड सरळ त्यांच्या तोंडावर गेला. टोपीपासून मिशीपर्यंत अण्णासाहेब पांढरेफटक झाले.

"दिसतंय का काही?" तिने खिडकीतून विचारलं.

"समदं दिसतंय," अण्णासाहेब डोळे घट्ट मिटून म्हणाले.

"मी किती बोटं दाखवतेय?"

"बोटं मोजायला मी काय शाळंत हाय का?"

ते तसेच उभे राहिले. फहमिदानेही दिवा बंद केला नाही. गोठ्यातली म्हैस तोंड वळवून भिंतीकडे बघायला लागली. अण्णासाहेबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, तेव्हा घरातून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "द्या की वो आता. काल सांजंला तुमच्यामुळंच त्यो पोस्टमन आपल्या उसात गेला न्हवं?"

"पोस्टमनला बी दिसत नव्हतं व्हय?" अण्णासाहेबांनी विचारलं. जणू हा नवाच मुद्दा होता. "मग सरकारी माणसाचा प्रश्न हाय. त्यो वेगळा."

त्या वेगळ्या प्रश्नावर मामाने पिशवी उघडली. बंपर उतरले, दिवे इकडचे तिकडे झाले. बाणवाली जोडी अण्णासाहेबांच्या गाडीला गेली, बिनबाणाची फहमिदाच्या. भरपाईत जुनं घेतल्याचं दिसू नये म्हणून अण्णासाहेबांनी जयसिंगकडून एक नारळ मागितला. जयसिंगने तो त्यांच्याच झाडाचा काढून दिला.

ते परत आले तर ट्रक फाटकात उभा होता आणि ड्रायव्हर धोंडाबाईशी पाऊसपाण्याचं बोलत होता. धोंडाबाई म्हणजे जयसिंगची आई. गाडी चढायच्या आधी तिने चुलीतल्या काजळीत तेल कालवून आणलं आणि डाव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात बोटाने एक तीट लावली.

"आजी, ते दिव्याला कशाला?"

"समद्या गावानं शिव्या घातल्यात त्यास्नी," धोंडाबाई म्हणाली. "लेकराला लावतीस तवा इचारतीस का?"

फहमिदाने विचारलं नाही. ट्रक वळेपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग रिकाम्या अंगणात अरहानचं कपाळ पुन्हा एकदा बघितलं. थंड होतं. दवाखान्यात न्यायची वेळ आलीच तर जयसिंगने त्याची पिकअप फाटकाकडे तोंड करून लावायची, हे तिने आधीच ठरवून घेतलं होतं.

थंडी सरता सरता एका दुपारी अनिसचा फोन आला.

"पास झाली. दिवे मशीन लावून तपासले. तपासणारा एकदम बरोबर म्हणाला."

"काही बोलला का?"

"विचारत होता, डाव्या दिव्यावर हा काळा डाग कसला."

"तू काय सांगितलंस?"

"गावाकडचा आहे, म्हटलं."

"पुसला त्याने?"

"नाही. उजेडाच्या आड येत नाही, राहू दे म्हणाला."

"गाडी कुठे लावलीयेस?"

"घरासमोर."

"तोंड कुठे आहे?"

पलीकडून दार उघडल्याचा, जिना उतरल्याचा आणि गाडी चालू केल्याचा आवाज आला. ती कानाला फोन धरून थांबली.

"रस्त्याकडे," तो म्हणाला.

फहमिदाने माळ्यावरची मोठी बॅग खाली ओढली आणि तिकिटं काढ म्हणून सांगितलं.