माझी थरथर आणि ताईची बोटं

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलचं हँडल आहे. लोक टाकीचा रंग बघतात, इंजिनाचा आवाज ऐकतात आणि माझ्यावर ओली टोपी वाळत घालतात. पण गाडीला दिशा देतं कोण? मीच! तेव्हा आज जरा माझंही ऐका.

कारखान्यात आलो तेव्हा मी एक सरळसोट पोलादी नळी होतो. तिथे मला यंत्रात धरून दोन्ही बाजूंनी वाकवलं, मग चकचकीत मुलामा चढवला. मोडेन पण वाकणार नाही, असं छाती काढून सांगणारे पुष्कळ असतात. मी मात्र वाकलो म्हणूनच कामाला आलो.

माझे पहिले मालक म्हणजे बाबा. ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचे. दिवसभर लोखंडाशी झुंजणारे त्यांचे हात, त्यांना माझी थरथर काय जाणवणार! रोज संध्याकाळी ते मला फडक्याने पुसायचे आणि "वाघ आहे माझा," म्हणायचे. पुढे ते निवृत्त झाले आणि गाडी त्यांच्या लेकीकडे आली. तिचे पेशंट तिला ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही, त्यांच्याकडे ती जाते. तिची सारी कला बोटांच्या टोकांत आहे. जाड माणसाची खोल शीर असो की म्हाताऱ्या हाताची दोऱ्यासारखी, ताई डोळ्यांनी शोधतच नाही. दोन बोटं हलकेच टेकवते आणि म्हणते, "ही बघा, इथे लपलीय." सुई कधी टोचली हे पेशंटला कळतही नाही. मला तिचा केवढा अभिमान वाटायचा!

आणि तिच्याच बोटांवर मी संकट आणलं, असं सगळे म्हणू लागले.

झालं असं की गाडीने वेग घेतला की मी थरथरायचो. एका घरून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत ताईच्या हातांना मुंग्या यायच्या. ती उतरून हात झटकायची, चोळायची, तरी बोटं बधिर ती बधिरच. एके दिवशी नेहमीच्या एका आजींकडे तिला शीर सापडेना. आजींची खाट खिडकीला लागून होती आणि गाडी खिडकीखालीच उभी होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. ताईने पुन्हा पुन्हा टोचलं. आजींचा हात काळानिळा पडला.

"पोरी, तुला आज झालंय तरी काय?" आजी कळवळल्या. "पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी पाठव गं."

बाहेर येऊन ताई माझ्यावर डोकं टेकवून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "पुढच्या महिन्यापासून काउंटरवर बस. फिरतीला दुसरं कुणी जाईल." ताईला काउंटर म्हणजे पिंजराच. "मॅडम, आजींकडे एकदा मला जाऊ द्या," ती म्हणाली. "पुन्हा चुकले, तर मी आपणहून खुर्चीत बसेन."

मग घरात माझ्यावर उपचार सुरू झाले. बाबांनी मला जुन्या टॉवेलच्या पट्ट्या गुंडाळल्या. मी पाय मुरगळलेल्या माणसासारखा दिसू लागलो आणि पट्ट्या गोल फिरू लागल्या. ताईची आत्या कुणाचंही दुखणं स्वतःचं मानणारी. ती म्हणाली, "अगं, चांगला जाडजूड फोम बसव. गादीवर हात ठेवल्यासारखं वाटेल." फोम आला. तो इतका जाड होता की ताईची मूठ नीट मिटेना. हात सुटू नये म्हणून ती आणखी आवळून धरू लागली आणि मुंग्या कोपरापर्यंत चढल्या.

शेवटी बाबा म्हणाले, "हँडलच बदलून टाकू."

ऐकलंत? ज्यांनी मला वाघ म्हटलं, तेच! हादरे देणारं इंजिन, आणि भंगारात जाणार मी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

पण ताईने ऐकलं नाही. सुट्टीच्या सकाळी तिची बोटं ताजी होती. तिने गाडी अंगणात स्टँडवर लावली आणि म्हणाली, "बाबा, इंजिन चालू करून वेग धरून ठेवा. मला जरा हात लावून बघू दे."

तिने डोळे मिटले आणि शीर शोधावी तशी दोन बोटं गाडीवर टेकवत निघाली. आधी सांगाडा, मग मला धरून ठेवणारा क्लॅम्प, मग मी. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"बाबा, क्लॅम्पच्या खाली हादरा कमी आहे. वर आल्यावर एकदम वाढतोय. दुखणं इथे आहे!"

बाबांनी क्लॅम्प उघडला. हादरे गिळण्यासाठी आत रबराच्या जाड चकत्या असतात. त्या वाळून दगड झाल्या होत्या, एक तर बोटाने दाबताच भुगा झाली. नटही ढिला होता.

"हे मी कधी बदललंच नाही गं," बाबा डोकं खाजवत म्हणाले. "म्हटलं, हँडलला काय होतंय!"

मित्रांनो, मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हात नसल्यामुळे राहून गेलं.

नव्या चकत्या बसल्या, नट आवळले गेले. मग बाबांनाही चेव आला. "लेथवर सळई थरथरली की तिला वजनाने गप्प करतात," असं म्हणत ते जुन्या वर्कशॉपमध्ये गेले आणि पोलादाची दोन गुबगुबीत वजनं कातून आले. ती माझ्या दोन्ही टोकांत घट्ट बसवली. फोम जाऊन मुठीत मावणारी मऊ रबराची ग्रिप आली. क्लच-ब्रेकच्या दांड्या किंचित खाली वळवल्या, म्हणजे मनगट वाकायला नको. राहता राहिली ताईची मूठ. तिचं तिलाच हसू आलं. "सुई अशी आवळून धरली तर पेशंट मला घरातून हाकलेल. मग हँडल का आवळतेय मी?"

ठरलेल्या दिवशी आम्ही आजींकडे निघालो. इंजिन गरजत होतं, पण माझ्यापर्यंत येईतो त्याची गुरगुर झालेली. ताईची बोटं माझ्यावर हलकी, उबदार, जागी होती.

खिडकीतून आजींचा आवाज आला. "तूच आलीस परत?"

"आज एकदाच टोचेन, आजी. नाही मिळाली शीर, तर हात जोडून परत जाईन."

आजींनी हात पुढे केला, तोंड फिरवलं आणि त्या आजकालच्या मुलींना बोलू लागल्या. माझा श्वास अडकला. हँडलला श्वास नसतो हे मला माहीत आहे, तरीही अडकला.

"आणि टोचणार कधी तू?" आजींनी विचारलं.

"कापूस दाबून धरा, आजी. झालं."

"झालं? अगं, अजून माझं बोलून संपलं नाही!" आजी खळखळून हसल्या. "पुढच्या वेळी तूच ये बाई. उरलेलं तेव्हा ऐकवते."

ताई बाहेर आली ती वाऱ्यासारखी. तिने लॅबला फोन लावला. "मॅडम, मिळालं सॅम्पल. पहिल्याच टोचण्यात!"

"मग काउंटरवर कोण बसणार?" मॅडम हसत होत्या.

"ते तुम्ही बघा. मी पुढच्या घरी निघाले!"

आम्ही असे निघालो, असे निघालो म्हणता! आज माझा मुलामा जागोजागी उडालाय, पण त्या रस्त्यावर माझ्या तोऱ्याचं एकही हँडल नाही. मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीचं हँडल थरथरत असेल, तर त्याला नावं ठेवू नका आणि फडकीही गुंडाळू नका. त्याला काय खुपतंय ते हात लावून बघा. नट घट्ट आवळा, मूठ सैल ठेवा, मग सांगाल तिकडे आम्ही तुम्हाला घेऊन जाऊ.