मातित्सा

"बस, आई, बस!" थाळी बडवत स्तामेना काठापर्यंत धावली. मोहोळ उठलं की इथे, सर्बियात, राणीमाशीला असंच 'आई' म्हणून विनवायचं. राणी बसली की मागून सगळ्या माश्या बसतात. आज कुणी ऐकलं नाही. थवा द्रिना नदी ओलांडून समोरच्या प्लमच्या झाडावर जाऊन लटकला.

पलीकडची ती बाग तिचीच. पण गेल्या पुरात नदीने कूस बदलली. बागेमागून वाहायची, ती घर आणि बाग यांच्या मधून वाहू लागली. बाग बोस्नियाला जाऊन चिकटली.

मध्ये.

सीमेवरचा पोलीस तिच्या होडीवर पाय रोवून उभा. "मावशी, मातित्सेपर्यंत आपलं. पुढे त्यांचं."

मातित्सा म्हणजे नदीची मुख्य धार. राणीमाशीलाही हाच शब्द.

"माझी मातित्सा त्या झाडावर बसलीय. मग सीमा तिथपर्यंत."

"हे साहेबांना सांगा."

"तुझ्या साहेबाला माशी चावली तर तिच्याकडेही पासपोर्ट मागेल."

पलीकडे.

बोस्नियाकडचा शेजारी फेहिम करवत आणि टोपली घेऊन आला. तोंडावर जाळी नाही. लाज तर आधीपासूनच नव्हती.

"मोहोळ माझं आहे, फेहिम!"

"नाव लिहिलंय का त्याच्यावर, म्हातारे?"

"झाड माझं आहे. बोरिवोयेने कलम केलंय."

"मग त्यालाच पाठव की घ्यायला."

बोरिवोये, तिचा नवरा, केव्हाच मातीत गेला होता. अंत्ययात्रेच्या दिवशी हाच फेहिम पलीकडच्या काठावर टोपी काढून उभा होता.

"कीड पडो तुझ्या जिभेला," स्तामेना म्हणाली.

करवत चालली. फांदी हादरली, माश्यांचा घोस सुटू लागला. डोंगरावर काळं भरून आलं होतं. आता उठलेलं मोहोळ पावसात सापडणार, मरणार. फेहिम शिट्ट्या मारत होता, शिव्या घालत होता. माश्या पाळणं त्याच्या बापालाही जमलं नव्हतं.

मध्ये.

स्तामेनाने गप्प राहायचं. बस, एवढंच करायचं होतं. मग ती राणी कुणाचीच नसती.

"शिट्टी नको, मेल्या," ती ओरडली. "आई म्हण तिला!"

पलीकडची शिट्टी थांबली. मग एक घोगरा, ओशाळलेला आवाज.

"बस, आई. बस."

थवा हळूहळू टोपलीत उतरला. फेहिमने वर फडकं बांधलं आणि मागे न बघता निघून गेला. कापलेली फांदी तिथेच पडून राहिली.

अलीकडे.

स्तामेनाने मोहोळासाठी मेण चोळून ठेवलेली पेटी उघडी होती. तिने झाकण लावलं आणि तिच्यावरच बसली.