क्लॅपच्या आधीचं

आत्याच्या या मुलाला देवाने सगळं दिलं, फक्त लाज द्यायची राहून गेली, असं कात्रीचं स्पष्ट मत होतं. कात्री म्हणजे त्याची मामेबहीण. ती फिल्मचं एडिटिंग करायची म्हणून सगळा धंदा तिला कात्री म्हणायचा, आणि तिच्या जिभेकडे बघता नाव अगदी बरोबर होतं. आतेभाऊ डॉक्युमेंट्री काढायचा. बाहेर तो सर, घरात दादा. आपला दादा महोत्सवांत जातो, हे आत्या दूधवाल्यालासुद्धा थांबवून सांगायची.

या खेपेला दादाने मत्स्यशेतीचा इतिहास हाती घेतला होता. विषय सोन्यासारखा होता, हे कात्रीलाही मान्य होतं. खाडीकाठची चराऊ जमीन खणून तळी कशी झाली, आजूबाजूच्या विहिरी खारट कशा पडल्या, चिखलात शिंपले वेचणाऱ्या बायका त्याच जागी माशांना खाद्य टाकायला मजुरीवर कशा लागल्या, सगळं होतं. जुन्या सरकारी प्रचारपटांची रिळंसुद्धा त्याने मिळवली होती. त्यात कडक इस्त्रीचे अधिकारी हातात मासा धरून असे हसत होते, जणू तो त्यांनीच जन्माला घातला होता. एवढा ऐवज हाताशी, आणि त्यावर दादाचं निवेदन काय, तर 'पाणी काही विसरत नाही, पाणी फक्त वाट बघतं.'

"कशाची वाट बघतं रे?" कात्रीने विचारलं.

"तुला नाही कळायचं. ते काव्य आहे."

"मग काव्यवाल्याकडूनच एडिट करून घे की."

पण दादा रागवायचा नाही, हीच तर पंचाईत होती. तो हसायचा, मागच्या खुर्चीत रेलायचा आणि तिच्या डोक्याशी बसून शेंगदाणे खायचा. एडिटिंगची खोली केवढीशी, दोन स्क्रीन, दोन स्पीकर, एक खिडकी आणि तीही आवाज नको म्हणून पक्की बंद. त्यात याचं ते कटकट चावणं. सालं कीबोर्डमध्येसुद्धा पडायची.

फिल्मचा शेवट दादाने आधीच ठरवून टाकला होता. एका बाईच्या तळ्यातले सगळे मासे शूटिंग चालू असतानाच मेले होते. पांढरी पोटं वर करून तळंभर तरंगणारे मासे, काठावर मटकन बसलेली ती बाई, आणि त्यावर दादाचा आवाज: 'हीच ती लोभाची किंमत.'

"नशीब लागतं असा शॉट मिळायला," दादा म्हणाला होता. कात्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पगार आत्याच्या लेकाकडून यायचा, म्हणून तिने ती गिळली आणि शॉट लावला.

त्या बाईचा फोन आला तो सोमवारी. दादाचे हात शेंगदाण्यांनी भरलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर टाकला.

"साहेब, मी तळेवाली बोलतेय. शनिवारी कमिटीची बैठक आहे. माझं तळं काढून घेणार म्हणतात."

मग तिने सगळं सांगितलं. तळी सगळ्यांच्या मालकीची, कमिटी ती कसायला देते. ज्याने एअरेटर बंद ठेवला त्याचं तळं गेलं, हा तिथला पहिला नियम, कारण एकाचं पाणी सडलं की शेजारच्या तळ्यांना ते बाधतं. एअरेटर म्हणजे पाणी सतत घुसळून त्यात हवा घालणारी चक्री. तळ्यात मासे दाटीने सोडलेले असले की ती थांबवून चालतच नाही.

"मशीन तुम्ही बंद करायला लावलंत, तुमचा माणूस चालू करणार होता, एवढंच कमिटीला सांगा साहेब. माझ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. सासऱ्यांपासून आम्ही ते तळं करतोय. ते गेलं तर मी परत दुसऱ्याच्या बांधावर खाद्य टाकायला जाऊ का?"

"ताई, आमचं तत्त्व आहे," दादा गोड आवाजात म्हणाला. "आम्ही फक्त बघतो. कशालाही हात लावत नाही. तुमच्या कमिटीलाही मी हेच सांगितलंय."

पलीकडून ती बाई म्हणाली, "बरं साहेब," आणि तिने फोन ठेवला.

दादा कात्रीकडे वळला. "अरेरे! हे रेकॉर्ड करायला हवं होतं. काय आवाज लागला होता तिचा!"

"दादा, तू मशीन बंद करायला लावलं होतंस का?"

"छे गं. मला नाही आठवत असलं काही."

न आठवण्यात दादाचा हात कुणी धरला नसता. शाळेत असताना फोडलेल्या काचासुद्धा त्याला कधी आठवल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी कात्रीला निवेदनाखाली घालायला तळ्याचा नुसता आवाज हवा होता. पाणी, वारा, माणूस नको. असा आवाज शोधायची जागा एकच, टाकाऊ फुटेज. शॉट सुरू होताना पाटी वाजवतात, त्या क्लॅपच्या आधीचं आणि दिग्दर्शक कट म्हणाल्यानंतरचं जे काही राहतं, ते एडिटर न ऐकताच एका फोल्डरमध्ये ढकलून देतो. त्यात असतं काय, तर खुर्ची सरकव, माइक लाव, चहा आण. सगळा धंदा असंच करतो. कात्रीनेही असंच केलं होतं.

तिने तळेवालीच्या मुलाखतीच्या आधीचा तुकडा लावला. चक्रीचा फटफट आवाज येत होता. त्यावर दादाचा आवाज: "हा फटफटाट बंद करा आधी. काही ऐकू येत नाहीये."

मग ती बाई: "नाही हो साहेब, बंद नाही करता येत. आभाळ भरलंय, हवा कोंदलीय. मासे गुदमरतील."

"ताई, पाच मिनिटं. पाच मिनिटांत काय होतंय?"

चक्री थांबली. क्लॅप वाजला. कात्रीने घाईघाईने मुलाखतीच्या शेवटचा तुकडा लावला. कट. बाई म्हणतेय, "थांबा, मशीन चालू करून येते." आणि दादा, "अहो, उजेड जाईल! जुनं कुरण दाखवायला खाडीच्या तोंडाशी जायचंय ना आपल्याला? आमचा माणूस करतो चालू. तुम्ही बसा गाडीत." त्यानंतर केबल गुंडाळल्याचा आवाज, गाडीचं दार. चक्रीचा आवाज शेवटपर्यंत नाही. दादाच्या त्या 'आमच्या माणसाने' केबल गुंडाळली आणि तोही गाडीत बसला. तिथून परत आले तेव्हा मासे वर आले होते, आणि कॅमेरा बाईच्या आधी तळ्याशी पोचला होता.

दादा आल्या आल्या तिने त्याला दोन्ही तुकडे ऐकवले. वाटलं होतं, निदान तोंड तरी उतरेल. कसलं काय! त्याचे डोळे चमकले.

"कात्री! अगं, हे तर जबरदस्त आहे! दिग्दर्शक स्वतःच गुन्हेगार! फिल्मच्या शेवटी मी कॅमेऱ्यापुढे येतो आणि कबूल करतो. लोक उभे राहून टाळ्या वाजवतील."

"वाजवतील. आधी हे कमिटीला पाठव. शनिवारी बैठक आहे."

"वेड लागलंय का तुला? महोत्सवाची अट आहे, यातलं काहीही आधी कुठे दाखवलेलं चालत नाही. जरा थांबू दे ना तिला. फिल्म आली की सगळ्या जगाला कळेल ती निर्दोष आहे म्हणून."

"तोवर तळं जाईल तिचं."

दादा क्षणभर विचारात पडला. "गेलं तर..." तो हळूच म्हणाला, "शेवट अजून जड होईल गं."

आजवर कात्री त्याला मूर्ख समजत होती, आणि मूर्ख माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर हसता येतं. आता तिला हसू येईना. तिला त्याची किळस आली, आणि तसं तिने त्याला तोंडावर सांगितलं. दादाने शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

शनिवारी ती लॅपटॉप घेऊन बसने कमिटीच्या ऑफिसात पोचली. पत्र्याचं छप्पर, खाद्याच्या गोण्या, माशांचा वास आणि लांब टेबलामागे बसलेले पाच-सहा जण. तळेवाली भिंतीशी उभी होती. कात्रीने इतके महिने तो चेहरा स्क्रीनवर मागेपुढे सरकवला होता, की ओळखीच्या बाईकडे बघून हसावं तशी ती हसली. तळेवालीने तिला कधी पाहिलंच नव्हतं. ती हसली नाही.

कात्रीने दोन्ही तुकडे लावले. 'मासे गुदमरतील' हे तळेवालीचे शब्द टेबलावरून सगळ्यांच्या कानावर गेले. अध्यक्ष चष्मा पुसत बसले. याच लोकांनी तिला महिनोन्‌महिने तोंडावर खोटारडी म्हटलं होतं. आता एकालाही तिच्याकडे बघवेना. शेवटी अध्यक्ष म्हणाले, "तळं तुझंच राहील, बाई," आणि लगेच पुढचा विषय काढला. माफी वगैरे मागायची रीत तिथे नव्हती.

पर्समध्ये दादाचा फोन वाजत होता. वाजू दे मेला, कात्रीने मनात म्हटलं. फार दिवसांनी तिला स्वतःचं कौतुक वाटत होतं. बाहेर पडताना तळेवाली तिच्या मागे आली. आता ही हात जोडेल, आणि आपण 'अहो, त्यात काय एवढं' म्हणू, असं कात्रीने ठरवूनसुद्धा टाकलं.

"हे तुमच्याकडे कधीपासून होतं?" तळेवालीने विचारलं.

"सुरुवातीपासूनच. म्हणजे फुटेज आलं तेव्हापासून. पण मी ऐकलं या मंगळवारी."

"आधी का नाही ऐकलं?"

"क्लॅपच्या आधीचं आम्ही ऐकत नाही. सहसा तिथे कामाचं काही नसतं."

तळेवालीने मान हलवली, जणू हिशेब लागला. "म्हणजे कमिटी मला खोटारडी म्हणत होती, मी घरोघर शपथा घेत फिरत होते, तेव्हा हे तुमच्या खोलीत पडून होतं. आणि तुम्ही रोज तिथेच बसत होता."

"हो," कात्री म्हणाली.

"तुमचे साहेब कसे आहेत ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्यांच्याकडून मला काही नकोच होतं. मी रोज देवाला एवढंच म्हणायचे, तिथे बसून हे सगळं ऐकणारं कुणीतरी असेलच ना."

तिने लॅपटॉपच्या पिशवीकडे बघितलं, मग कात्रीकडे. दादाबद्दल कात्रीच्या मनात असायचं ते सगळं तिच्या नजरेत होतं, आणि समोर दादा नव्हता. मग ती बांधावरून आपल्या तळ्याकडे निघून गेली.