भाकस

धर्मपालने बरणी खिडकीच्या उजेडात धरली आणि आतला चपटा मासा हळूच फिरवला. एक अंग तपकिरी, दुसरे पांढुरके. एक डोळा जागेवर. दुसरा डोक्याच्या अगदी कडेवर येऊन थांबलेला.

“रत्नागिरीच्या कोळणीनं दिला,” ललिता म्हणाली. “चपट्या माशाचे दोन्ही डोळे एकाच बाजूले असतात ना? याचा काहून असा?”

कॉलेजच्या सहलीहून परतल्यापासून ती समुद्राचेच बोलत होती. गल्लीतल्या बाया बरणी पाहायला येत आणि सारे तिलाच विचारत. पूर्वी त्याला विचारायच्या. बी.एस्सी. होताच घरासाठी त्याने अकोल्यात मास्तरकी धरली होती. लग्नानंतर ललिताला त्यानेच शिकवले. आता ती एम.एस्सी.ला अमरावतीला जात होती. ती ‘लाट’ म्हणाली की तो ताटावरून उठे.

मासा त्याने पुस्तकातल्या चित्रावरून पाहताक्षणी ओळखला होता. भाकस. पिल्लू असताना दोन्हीकडे डोळे, मग एक सरकू लागतो. लेपटी या दुसऱ्या चपट्या माशाचा पार पलीकडे जातो, भाकसाचा माथ्यावरच थांबतो. म्हणून तो तळाच्या चिखलात पडून राहतो, तसा इतर माशांसारखा उभाही पोहतो. सगळ्या चपट्या माशांत हे कुळच निराळे.

“लेपटी आहे,” तो म्हणाला. “डोळा अर्धवट सरकला. बिघडलेला नग.”

“उद्या संशोधनाच्या जागेसाठी बोलावलं सरनं, हा मासा घेऊन. तसंच सांगू?”

त्याने बरणी खाली ठेवली.

“सांग.”

दुसऱ्या दिवशी ती दिवेलागणीला परतली. चपला काढून भिंतीशी टेकून बसली.

“जागा वर्गातल्या ओमप्रकाशले दिली.”

धर्मपालने पाण्याचा तांब्या तिच्यापुढे ठेवला.

“तो भाकस होता. सगळे हसले. सर म्हणे, बिघडलेला हे कोनं सांगितलं?” आत सासूबाई होत्या, तिने आवाज उतरवला. “म्या म्हटलं, मलेच तसं वाटलं. तुमचं नाव नाही घेतलं.”

त्याने मान खाली घातली.

“तुमी मनाले लावून घेऊ नका,” ती म्हणाली. “समुद्र पाह्यलाच नाही तर तुमाले कसं माहीत असंल?”

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आजारी माणसाशी बोलावे तसे ती बोलत होती. धर्मपालचे ओठ हलले.

“हो,” तो म्हणाला. “मले माहीत नव्हतं.”

ललिता उठली आणि त्याचे ताट वाढू लागली.